आजन्म सभासदत्व आणि सोलापूरच्या चार पिढ्या

सोलापुरातील कोणत्याही जुन्या ख्रिस्ती मंडळीच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचून झाला, पाळकसाहेबांच्या बंगलीच्या डागडुजीचा विषय तहकूब झाला आणि पंचकमिटीच्या निवडणुकीची वेळ आली, की कोणी तरी ज्येष्ठ गृहस्थ हमखास उठतात आणि सांगतात, की आमच्या वेळी ज्या मंडळीत बाप्तिस्मा व्हावयाचा त्याच मंडळीत दृढीकरण, तेथेच लग्न आणि तेथूनच माती. हल्लीची मुले मात्र सकाळी एके ठिकाणी उपासनेला, सायंकाळी दुसऱ्याच ठिकाणी प्रार्थनासभेला, आणि वर्गणीच्या वेळी कोठेच नाहीत. या तक्रारीचा उत्तरार्ध पुष्कळ अंशी खरा आहे. पूर्वार्ध मात्र जसाच्या तसा मान्य करण्यापूर्वी तपासून घ्यावा लागतो, कारण ज्येष्ठांच्या बोलण्यातील ‘आमची वेळ’ ही या मंडळ्यांच्या सुमारे दीडशे वर्षांच्या इतिहासातील मधली पन्नास-साठ वर्षे होत. तिच्या आधी आजन्म सभासदत्व ही गृहीत धरण्याची गोष्ट नव्हती आणि तिच्यानंतर ती राहिलेली नाही.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 साली मुंबईस उतरले, 1831 साली त्यांनी अहमदनगरास ठाणे केले, आणि 1860 साली रेल्वे सोलापुरास येऊन पोचल्यावर त्याच दशकात येथेही त्यांचे काम उभे राहिले. चार्ल्स हार्डिंग आणि त्यांच्या मागून लोरिन गेट्स ही नावे सोलापूरच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांना आजही परिचित आहेत. रंगभवन परिसरातील फर्स्ट चर्च ज्या परंपरेतले, तिचे मूळ अमेरिकेतील न्यू इंग्लंड प्रांताच्या काँग्रिगेशनल पंथात आहे, आणि या पंथाचा मंडळीविषयीचा सिद्धांत मोठा कडक होता. गावातील यच्चयावत माणसे मिळून मंडळी होत नाही. ज्यांनी आपल्या श्रद्धेची कबुली स्वतःच्या मुखाने दिली आणि परस्परांशी करार केला, तेवढ्यांचीच मंडळी होते. नवा उमेदवार आला तर जुन्या सभासदांनी त्याला प्रश्न विचारावेत, त्याच्या वर्तनाची चौकशी करावी आणि मत घेऊन त्याला आत घ्यावे, असा तो सिद्धांत होता. अर्थात असे सभासदत्व वारशाने मिळणे तत्त्वतः अशक्य. परंतु कबुली देणाऱ्यांना मुले होतात, त्या मुलांना कबुली देण्याजोगा अनुभव येतोच असे नाही, आणि मग त्यांच्याही मुलांना बाप्तिस्मा द्यावा की न द्यावा हा पेच उभा राहतो. न्यू इंग्लंडात हा पेच दुसऱ्याच पिढीत उभा राहिला आणि 1662 साली तेथील धर्मसभेने तडजोड काढली, की बाप्तिस्मा झालेल्या पण कबुली न दिलेल्या सभ्य आईबापांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा, मात्र त्या आईबापांना प्रभुभोजनास बसवू नये व मतही देऊ नये. या अर्ध्या कराराविरुद्ध जोनाथन एडवर्ड्स या पाळकाने पुढे भूमिका घेतली तेव्हा त्याच्याच मंडळीने 1750 साली त्याला बडतर्फ केले. सांगावयाचे तात्पर्य असे, की सोलापुरास जी मंडळी आली ती हा न सुटलेला वाद आपल्या सामानातच घेऊन आली होती.

येथील पहिल्या पिढीला त्या वादाशी कर्तव्य नव्हते. तिचा प्रश्न याहून दारुण होता. सोलापूर-अहमदनगर टापूत ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांत महार व मांग कुटुंबांची संख्या मोठी होती, आणि 1839 साली अहमदनगरास ख्रिस्ती झालेल्या खिस्ती बंधूंसारखी ब्राह्मण घरची माणसे विरळा होती. 1850 च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर केल्यामुळे कोणाचा वारसाहक्क बुडणार नाही अशी तजवीज केली होती खरी, परंतु पाणवठा, जातगंगा आणि सोयरीक यांवर कायद्याचा अंमल चालत नव्हता. त्यात 1876 ते 1878 चा दुष्काळ आणि शतकाच्या अखेरीस लागोपाठ पडलेले दोन दुष्काळ यांनी सोलापूर जिल्हा उजाड केला, मिशनच्या अनाथालयांत मुले भरली, आणि दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांच्या कपाळी भाकरीसाठी धर्म बदलल्याचा शिक्का बसला. हा शिक्का मारणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार केला नाही. पाऊस पुन्हा पडला, जोंधळा पुन्हा पिकला, तरी ही माणसे माघारी गेली नाहीत. भुकेपोटी आलेला माणूस पोट भरल्यावर का थांबला, याचे उत्तर भुकेत सापडत नाही.

तरीही या पिढीचे सभासदत्व निर्वेध आजन्म होते असे समजू नये. त्या काळच्या मिशनच्या अहवालांत नव्याने घेतलेल्या सभासदांच्या आकड्याशेजारी निलंबित केलेल्यांचा व काढून टाकलेल्यांचा आकडाही नियमाने असे. दारू, जत्रेतील नैवेद्य, हिंदू विधीने लावलेले मुलीचे लग्न, पहिली बायको असताना केलेली दुसरी, अशा कारणांसाठी माणूस प्रभुभोजनापासून दूर ठेवला जाई, आणि पश्चात्तापाची कैफियत समाधानकारक वाटल्यास पुन्हा घेतला जाई. जुन्या सभासद-रजिस्टरातील शेऱ्याचा रकाना या दृष्टीने वाचनीय असतो. एकाच नावापुढे निलंबन, मग पुनःप्रवेश, मग दुसऱ्या गावास दिलेले शिफारसपत्र आणि अखेरीस ‘प्रभूत निजले’ अशा नोंदी वेगवेगळ्या शाईंत व वेगवेगळ्या हातांच्या अक्षरांत एकीखाली एक पडलेल्या असतात, आणि त्या माणसाचे मंडळीशी असलेले नाते किती हेलकावे खात गेले हे त्या अर्ध्या इंच रुंदीच्या रकान्यात दिसते. आजच्या रजिस्टरात हा रकाना बहुधा कोरा असतो. कोणाला निलंबित करण्याइतके कोणाकडे कोणाचे लक्ष नसते.

आणखी एक गोष्ट ज्येष्ठांच्या स्मरणातून निसटते. मिशनऱ्यांनी आपसांत हद्दी वाटून घेतल्या होत्या. सोलापूर आणि अहमदनगर काँग्रिगेशनलांचे, कोल्हापूर अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचे, नागपूर स्कॉटिश मंडळींचे, औरंगाबादेकडे अँग्लिकन मिशन, आणि पुण्यात तर सगळेच. परिणामी सोलापूरचा काँग्रिगेशनल शाळामास्तर बदली होऊन कोल्हापुरास गेला की सामानाच्या गाडीबरोबर त्याचा पंथही बदले, आणि याचे त्याला किंवा कोणालाही वैषम्य वाटत नसे. मंडळी तीच, प्रभू तोच, पाळक निराळा, एवढ्यावर भागे. 1924 साली प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांनी मिळून ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ स्थापन केली तेव्हा या व्यवहाराला फक्त नियमांचे रूप आले. तेव्हा पणजोबांच्या निष्ठेचे पोवाडे गाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की ती निष्ठा एका इमारतीशी किंवा एका पंथाशी क्वचितच जडलेली होती.

स्त्रियांचा विचार केला तर आजन्म सभासदत्वाची कल्पना आणखीच पातळ होते. मुलीचे नाव बापाच्या नावाखाली लागे आणि लग्न होताच शिफारसपत्राने नवऱ्याच्या मंडळीत जाई. विधवा होऊन माहेरी आली तर पुन्हा परत. बायबल-बाई म्हणून खेडोपाडी हिंडलेल्या, शब्बाथशाळा चालविलेल्या, बुधवारची प्रार्थना उन्हापावसात न चुकविलेल्या स्त्रियांनी ज्या निष्ठेने मंडळ्या धरून ठेवल्या, ती निष्ठा कोणत्याही एका पटावर जन्मभर नोंदलेली नव्हती. ‘जिथे बाप्तिस्मा तिथेच माती’ हे वाक्य पुरुषांचे आहे, आणि त्यातही गाव न सोडलेल्या पुरुषांचे.

मग ज्येष्ठांची ती ‘वेळ’ आली कोठून? ती आली मिशनच्या आवारातून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोलापुरातील ख्रिस्ती माणसाचे जवळजवळ संपूर्ण आयुष्य मिशनच्या संस्थांनी व्यापले होते. मेरी हार्डिंग यांनी चालविलेल्या बालवाडीत मूल जाई. मुलगी वोरोनोको शाळेत शिके व पुढे तेथेच किंवा दुसऱ्या मिशनशाळेत शिक्षिका होई. मुलगा मिशनच्या खर्चाने शिकून शाळामास्तर, कंपाउंडर किंवा उपदेशक होई. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींसाठी सरकारने उभारलेल्या ‘उमेदपूर’ वसाहतीची व्यवस्था मिशनकडे आली तेव्हा तेथेही मुकादम, मास्तर व कारकून म्हणून ख्रिस्ती माणसे लागली. नोकरी मिशनची, खोली मिशनच्या आवारातली, सोयरीक आवाराच्या कुंपणाआतली आणि पाळकाचा दाखला या सर्वांची किल्ली. अशा स्थितीत मंडळीचे सभासदत्व वतनासारखे झाले: ते मिळविण्यासाठी काही करावे लागत नसे, सोडून जाणे परवडत नसे, आणि थोरल्याकडून धाकट्याकडे ते आपोआप जाई. दृढीकरणाचा वर्ग असे, प्रश्नोत्तरी तोंडपाठ करावी लागे. परंतु त्या वर्गातून कोणी नापास झाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. काँग्रिगेशनल सिद्धांत पुस्तकात राहिला आणि व्यवहारात वंशपरंपरा आली. मी हे दोष म्हणून सांगत नाही. ज्यांना गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या घालवाव्या लागल्या त्यांना एक आवार, एक घंटा, एक दफनभूमी आणि रजिस्टरात एक नाव मिळाले, ही सामान्य प्राप्ती नव्हे. त्या सभासदत्वाला निव्वळ पोटार्थी म्हणणाऱ्याने त्या नावाचे मोल केलेलेच नाही.

परंतु या स्थैर्याच्या काळातच त्याची घुसमट ज्यांना जाणवली ती महाराष्ट्रातील सर्वांत तेजस्वी ख्रिस्ती माणसे होती, हे विसरता येत नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण ज्या अँग्लिकन भगिनींच्या आश्रयाला त्या होत्या त्यांनी सिद्धांताच्या बाबतीत मुकाट आज्ञापालनाची अपेक्षा करताच रमाबाईंनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी जो प्रदीर्घ पत्रव्यवहार केला, त्यात एका पंथाची दावण त्यांनी स्पष्टपणे नाकारली. पुढे 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितले, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपणांस धर्म लाभला होता पण ख्रिस्त लाभला नव्हता. त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात 1905 साली जे पुनरुज्जीवन झाले त्याला कोणत्याही पंथाच्या हद्दी नव्हत्या. बाप्तिस्मा, सभासदत्व आणि श्रद्धा या तीन गोष्टी एकाच दिवशी घडत नाहीत, कधी कधी त्या वेगवेगळ्या दशकांत घडतात, हे रमाबाईंच्या चरित्राइतके ठसठशीत दुसरीकडे क्वचितच दिसेल.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण सोलापूरच्या मंडळ्यांना अधिक जवळचे, कारण ते याच मिशनचे. फेब्रुवारी 1895 मध्ये त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या विरहाच्या वर्षांची आणि 1900 साली स्वतः घेतलेल्या बाप्तिस्म्याची हकीकत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रां’त असल्यामुळे मराठी वाचकाला सांगण्याचे कारण नाही. वीसहून अधिक वर्षे टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले, ‘ज्ञानोदया’त लिहिले, उपासनेला मराठी पदे दिली. आणि 1917 साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, मिशनची नोकरी व तिच्याबरोबर येणारी शाश्वती सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडण्याचा संकल्प केला. या दरबाराची जी गोष्ट आज मननीय आहे ती अशी, की त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत अशी त्यांची योजना होती. ज्या माणसाने स्वतः बाप्तिस्म्यासाठी घर, जात आणि काही वर्षे बायकामुलेही गमावली, त्यानेच बाप्तिस्म्याची नोंद ही भक्तीची अट म्हणून काढून टाकावी, याचे त्या वेळच्या मंडळ्यांना मोठे कोडे पडले. काहींनी ते म्हातारपणचे खूळ मानले. 9 मे 1919 रोजी टिळक वारले आणि दरबार बहुतांशी त्यांच्याबरोबर मिटला. त्यांची पदे मात्र जुन्या मंडळ्यांनी आपल्या उपासनेत ठेवून घेतली, आणि ज्या सोलापूरकर तरुणांवर आज मंडळी सोडल्याचा आरोप होतो त्यांच्या आज्या ती पदे गातच वारल्या. टिळकांनी उपस्थित केलेला प्रश्न पुढे जगभर गाजला. 1970 च्या दशकात एम. एम. थॉमस आणि लेस्ली न्यूबिगिन या धर्मपंडितांत याच मुद्द्यावर वाद झाला, आणि मद्रासेत हर्बर्ट होएफर यांनी बाप्तिस्मा न घेता ख्रिस्तभक्ती करणाऱ्यांचा अभ्यास करून त्यावर ग्रंथ लिहिला. महाराष्ट्राने हा प्रश्न त्याआधी अर्धे शतक विचारला होता.

स्वातंत्र्यानंतर आवाराची व्यवस्था ढासळू लागली. मिशनरी परत गेले, परदेशी अनुदान आटले, शाळा सरकारी मान्यतेखाली गेल्या, आणि ख्रिस्ती तरुणाला रेल्वेत, इस्पितळांत, सरकारी कचेऱ्यांत नोकरी मिळू लागताच पाळकाच्या दाखल्याची किल्ली कुलपाला लागेनाशी झाली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरास ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही संयुक्त मंडळी स्थापन झाली. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि मेथडिस्टांची एक शाखा असे सहा प्रवाह तीत मिळाले, आणि बालबाप्तिस्मा व प्रौढ बाप्तिस्मा या दोन्ही वाटा तिने ग्राह्य धरल्या. तत्त्वदृष्ट्या ही मोठी उदार व्यवस्था होती. व्यवहारात मात्र एक नवाच प्रकार सुरू झाला. मिशनच्या जमिनी, शाळा व बंगले शहराच्या मोक्याच्या भागांत होते, त्यांचे विश्वस्त 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरी नोंदले जात होते, आणि ज्या मंडळीच्या निवडणुकीतून या व्यवस्थेवर माणसे जात तिची सभासद-यादी ही एकाएकी मतदार-यादी झाली. विलीन झालेल्या मंडळ्यांची मिळकतही विलीन झाली काय, या वादात गुजरातेतील ब्रेदरन मंडळीचा मामला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2013 साली निकाल लागला, की विलीनीकरणाच्या ठरावाने मिळकत हस्तांतरित होत नाही. श्रद्धेने एक झालेली माणसे मिळकतीने दोनच राहिली. ज्या तरुणाने वयाच्या सोळाव्या वर्षी पंचकमिटीची निवडणूक, हरकतींचे अर्ज, थकबाकीमुळे कापलेली नावे आणि ऐन वेळी घुसवलेली नावे पाहिली, त्याला सभासदत्व या गोष्टीविषयी आदर वाटावा अशी अपेक्षा करणे धाडसाचे आहे. तरुणांच्या अनास्थेची कारणे दूरचित्रवाणीत आणि मोबाइलमध्ये शोधणाऱ्या ज्येष्ठांनी आधी आपल्या सभांची इतिवृत्ते चाळावीत.

सभासदत्वाच्या बदललेल्या अर्थामागे आणखी एक कारण आहे आणि त्याविषयी मंडळीत मोठ्याने बोलले जात नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली शिखांना व 1990 साली बौद्धांना त्यांत घेतले. ख्रिस्ती व मुसलमान आजही बाहेर आहेत. एकाच आजोबांचे दोन नातू, एक बौद्ध झालेल्या घरातला आणि एक ख्रिस्ती, एकाच वस्तीत राहतात, एकाच शाळेत शिकतात, गावात दोघांची जात सारखीच ओळखली जाते, पण महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या खिडकीपाशी दोघांचे मार्ग वेगळे होतात. अशा वेळी मंडळीच्या रजिस्टरातील नाव ही श्रद्धेची नोंद राहत नाही, ती पुरावा होते. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका स्त्रीच्या प्रकरणात जो निकाल दिला, त्यात तिच्या लहानपणीच्या बाप्तिस्म्याची नोंद विचारात घेतली गेली आणि केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचे सांगणे ही संविधानाशी प्रतारणा ठरविली गेली. न्यायालयाचे तर्कशास्त्र कायद्याच्या चौकटीत सुसंगत आहे. परंतु ज्या कायद्याने माणसाला देवळात एक आणि दाखल्यावर एक असे जगावयास लावले, त्याची तपासणी अजून पुरी झालेली नाही. माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग त्यासाठी 2022 साली नेमला गेला. मधल्या काळात घराघरांत झाले ते असे, की काहींनी मुलांचा बाप्तिस्मा पुढे ढकलला, काहींनी तो केला पण नोंद नको म्हटले, आणि काही जण दर रविवारी मागच्या बाकावर बसतात पण पटावर येत नाहीत. यांना ढोंगी म्हणणे सोपे आहे. म्हणणाऱ्याच्या पदरी बहुधा जुनी नोकरी किंवा स्वतःचे घर असते.

आता चौथ्या पिढीकडे वळू. सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे थांबल्यापासून येथील सुशिक्षित तरुणाची वाट पुण्याकडे जाते, आणि ख्रिस्ती तरुण त्याला अपवाद नाही. शनिवारी रात्री हिंजवडीतील कामावरून खोलीवर परतलेली सोलापूरची मुलगी रविवारी सकाळी ज्या उपासनेस जाते ती एखाद्या मंगल कार्यालयाच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरते. तेथे बाकांऐवजी प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, पेटी-तबल्याऐवजी कीबोर्ड आणि ड्रम, हातात ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक न देता पडद्यावर गीताच्या ओळी, अर्ध्या हिंदी व अर्ध्या इंग्रजी. दाराशी तिच्याच वयाचा कोणी तरी तिचे नाव विचारतो आणि पुढच्या आठवड्यात ती आजारी पडली तर तापाची चौकशी करणारा निरोप येतो. वर्गणीचे कार्ड नाही, दृढीकरणाचा दाखला कोणी मागत नाही. काही महिन्यांनी मात्र तेथील पास्टर तिला सांगतात, की तान्हेपणी डोक्यावर शिंपडलेले पाणी पुरेसे नाही, स्वतःच्या विश्वासाने पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला पाहिजे. ती तो घेते, आणि सोलापुरास तिच्या घरी जणू कोणी वारले असावे अशी अवकळा येते, कारण ज्या आजोबांनी तिला मांडीवर घेऊन फर्स्ट चर्चमध्ये बाप्तिस्म्याला नेले होते त्यांना हा आपल्याच श्रद्धेचा अव्हेर वाटतो.

या घटनेचा अर्थ लावताना मी दोन्ही बाजूंशी अंशतः असहमत आहे. बालबाप्तिस्मा खोटा ठरविण्याचा कोणाही पास्टरला अधिकार नाही, आणि दुसऱ्या बाप्तिस्म्याच्या संख्येवर आपली मंडळी वाढविणे हा प्रकार शेजाऱ्याच्या विहिरीतून पाणी काढून आपला पाऊस मोजण्यातला आहे. पण त्या मुलीने केले काय? तिने आपल्या श्रद्धेची कबुली स्वतःच्या मुखाने, चारचौघांत, घरच्यांची नाराजी पत्करून दिली. चार्ल्स हार्डिंगच्या मंडळीचा मूळ नियम हाच होता, आणि तिच्या पणजोबांनी हेच केले होते. वंशपरंपरेने आलेले नाव टिकविणाऱ्या आजोबांपेक्षा या बाबतीत ती मुलगी मूळ पुरुषाच्या अधिक जवळ आहे, हे आजोबांना ऐकावयास कठीण वाटेल. तरी ते खरे आहे.

त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे, की या नव्या मंडळ्यांचे संबंध जितके उबदार तितके अल्पायुषी असतात. पास्टर बदलला, हॉलचे भाडे वाढले, दोन नेत्यांत बेबनाव झाला, की सहा महिन्यांत सगळा मेळा विस्कटतो, आणि मग लग्न ठरले किंवा घरी मृत्यू झाला की पाय पुन्हा रंगभवनाकडे वळतात. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न लावण्याचा अधिकार प्रत्येकाजवळ नसतो आणि दफनाची जागा तर फारच थोड्यांजवळ असते. कोविडच्या साथीत हे विशेष दिसले. देवळे बंद असताना उपासना मोबाइलवर आल्या, तरुणांनी पुण्या-मुंबईच्या, अगदी परदेशच्याही उपासना घरबसल्या पाहिल्या आणि जुन्या मंडळीत रविवारची हजेरी ही सक्ती नव्हे, निवड आहे हे त्यांना कळून चुकले; पण माणसे दगावू लागली तेव्हा कबर खणणारा, विधी करणारा आणि नोंद घालणारा जुन्याच मंडळीतून आला. ज्यांचे पटावर नाव होते त्यांना ही सेवा हक्काने मिळाली आणि ज्यांचे नव्हते त्यांना विनवणीने.

बाहेरच्या जगाकडे पाहिले तर सोलापूरचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. ज्या देशातून ही मंडळी आली त्या अमेरिकेत गॅलप संस्थेच्या पाहणीनुसार 1937 साली 73 टक्के प्रौढ माणसे कोणत्या ना कोणत्या उपासनास्थळाची सभासद होती, 1999 साली 70 टक्के होती आणि 2020 साली 47 टक्के उरली. 1946 पूर्वी जन्मलेल्यांत हे प्रमाण 66 टक्के तर 1981 नंतर जन्मलेल्या तरुण पिढीत 36 टक्के. जर्मनीत सभासदाकडून सरकारमार्फत चर्च-कर घेतला जातो, म्हणून नाव काढण्यासाठी कचेरीत जाऊन अर्ज द्यावा लागतो, आणि 2022 या एका वर्षात पाच लाखांहून अधिक कॅथलिकांनी तसा अर्ज दिला. रोमन कॅथलिक धर्मशास्त्र याच्या अगदी उलट टोकाला आहे: बाप्तिस्मा पुसता येत नाही, आणि औपचारिक रीत्या मंडळी सोडल्याचा जो उल्लेख विवाहविषयक नियमांत होता तोही पोप बेनेडिक्ट यांनी 2009 साली काढून टाकला. सोलापुरात या दोहोंपैकी काहीच घडत नाही. येथे कोणी अर्ज देऊन बाहेर पडत नाही, कोणी कोणाला अडवतही नाही. नाव पटावर राहते, माणूस पुण्यास राहतो, वर्गणी वडील भरतात आणि यादीवरून पाहता सर्व काही यथास्थित आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 10,80,073 ख्रिस्ती नोंदले गेले, लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी. त्यांतील किती जण कोणत्या मंडळीचे जिवंत सभासद आहेत हे जनगणना सांगत नाही आणि मंडळ्यांची रजिस्टरे तर मुळीच सांगत नाहीत.

पिढीगणिक श्रद्धा उणावली, हा निष्कर्ष या आढाव्यातून मला काढता येत नाही. पहिल्या पिढीने सभासदत्व किंमत मोजून घेतले, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला ते आवाराने दिले, आणि चौथ्या पिढीजवळ किंमत मोजण्यासारखे काही मागितलेच गेले नाही. तिच्याकडून मागितली गेली ती वर्गणी आणि मत. तेव्हा काही साध्या गोष्टी पंचकमिट्यांनी कराव्यात. दरवर्षी आगमनकाळापूर्वी रजिस्टर काढून प्रत्येक नावामागचा माणूस कोठे आहे याची खरी चौकशी करावी, आणि ती निवडणुकीच्या वर्षीच करू नये. पुण्यास शिकणाऱ्या-नोकरी करणाऱ्या मुलांसाठी दोन्हीकडे नाते ठेवता येईल असे सहसभासदत्व नियमांत आणावे. दुसरीकडे बाप्तिस्मा घेतलेल्याचे नाव रागाने खोडू नये. आणि कोणी शिफारसपत्र मागावयास आला तर मागची बाकी किती, हे विचारण्याआधी ते पत्र लिहून त्याच्या हातात द्यावे.